बंदुकीची सत्तावीस पुस्तकं

मी आयुष्यात एकदाही बंदूक उडवलेली नाही. हातात मात्र पुष्कळ धरल्या. भिंग लावून त्यांच्या नळ्या न्याहाळल्या, घोडे चढवून उतरवून पाहिले. बंदुकींविषयीची सत्तावीस इंग्रजी पुस्तकं अजून माझ्या कपाटात आहेत. घरी आलेलं कुणी विचारतं, "मास्तर, ही कशाची पुस्तकं?" मी म्हणतो, जुनी आहेत. त्यापुढे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मी तेव्हा बुलढाणा जिल्ह्यात अमडापूरला हायस्कुलात इंग्रजी शिकवत होतो. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. शाळेच्या कागदांवर छापलेलं 'मध्यप्रदेश' खोडून त्यावर 'मुंबई राज्य' असा शिक्का मारलेला होता, आणि आता तोही खोडून कारकून हातानं 'महाराष्ट्र' लिहीत असे. मी मूळचा वरवट बकालचा, कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. अमरावतीला नातेवाइकाकडे राहून बी.ए. झालो होतो. बायको नि मी, दोन खोल्यांचं भाड्याचं घर, आणि एक लोखंडी ट्रंक. एवढाच आमचा संसार.

एका शनिवारी, सकाळची शाळा सुटताना, एक उंच गृहस्थ व्हरांड्यात उभे दिसले. डोक्याला पांढरा फेटा, अंगात जाकीट, काखेत चादरीत गुंडाळलेली लांब वस्तू. अमडापूरपासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. गावाची निम्मी जमीन त्यांची. सगळे त्यांना पाटीलच म्हणत.

"मास्तर, तुमाले इंग्रजी येते म्हणतेत."

"येते थोडीफार."

"मंग हे काय लिवलं हाये, वाचून सांगा बरं."

चादर उलगडली. आत दुनळी बंदूक होती. खामगावच्या कापसाच्या प्रेसवर एक इंग्रज इंजिनिअर होता. तो देश सोडून जाताना पाटलांच्या वडिलांनी ती त्याच्याकडून घेतली होती. नळ्यांच्या अंगावर बारीक लाटांची नक्षी होती, धुतलेल्या वाळूत पाणी वाहून गेल्यावर उमटते तशी. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर कारागिराचं नाव नि लंडनमधल्या रस्त्याचं नाव मी वाचून दाखवलं. मग पाटलांनी नळ्या दस्त्यापासून सोडवून उलट्या केल्या. बुडाशी चिमुकल्या खुणा ठोकलेल्या होत्या. एक मुकुट, त्याखाली दोन अक्षरं, एक आकडा.

"अन् हे?"

"हे मला नाही कळत, पाटील."

ते हसले. "चला, तुमाले बी येत नाही असं काहीतरी हाये तं."

ते वाक्य मला लागलं. बोलणाऱ्याच्या मनात काही नव्हतं, पण मला लागलं. पुढं जे झालं त्याचं मूळ मी पुष्कळदा शोधलं आहे आणि दर वेळी मी त्या व्हरांड्यातच येऊन पोचतो.

खामगावला कापसाच्या बाजारामागे एक म्हातारा रद्दीवाला होता. इंग्रज गेले तेव्हा बंगल्यांतली, क्लबांतली पुस्तकं पोत्यांनी बाहेर पडली, त्यातली बरीच त्याच्याकडे आली होती. फुटाणेवाल्यांना तो ती पुड्या बांधायला विकायचा. त्याच्या ढिगात मला बंदुकीचं पहिलं पुस्तक सापडलं. पुस्तक कसलं, विलायतेतल्या एका बंदूकवाल्याचा कॅटलॉग होता. पुठ्ठा गेलेला, कडा वाळवीनं कुरतडलेल्या. पण आत प्रत्येक बंदुकीचं रेखाचित्र, भागाभागाला आकडे, खाली नावं. मी तो पाटलांकडे घेऊन गेलो. त्यांनी कॅटलॉग मांडीवर घेतला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक अक्षर वाचता येत नसताना, तासभर पाहिला.

"असे अजून असतीन का हो?"

"असतील. शोधावे लागतील."

"मंग शोधा. मी हाये."

पाटलांकडे तेव्हा सात बंदुका होत्या, सगळ्या परवान्याच्या. आजोबांच्या काळातली ठासणीची, एक लांब नळीची अरबी घाटाची, दोन एकनळी, बाकी दुनळी. शिकारीचा त्यांना फारसा शौक नव्हता. शेतात रानडुकरं आली तर तेवढी उडवायची. त्यांना आवड होती ती बंदूक कुणी केली, कुठे केली, कशी केली, हे जाणून घ्यायची. आणि ते सगळं इंग्रजीत होतं. म्हणून बंदुका त्यांच्या आणि वाचणं माझं, अशी आमची जोडी जमली. पुस्तकं मी शोधायची, पैसे त्यांनी द्यायचे, आणि पुस्तकं त्यांच्या बैठकीतल्या शिसवी कपाटात राहायची. ते ठरवलं असं कुणी नाही, आपोआप तसं झालं.

दर रविवारी मी सायकलनं त्यांच्या गावी जाई. वहिनी, म्हणजे पाटलांची बायको, कपभर दुधाळ चहा नि भाजलेल्या शेंगा पुढे ठेवत. मी वाचून अर्थ सांगायचा, पाटलांनी ऐकायचं, आणि त्या त्या भागाला मराठी नाव द्यायचं. ते सगळं मी एका वहीत उतरून ठेवी. नळीच्या मागच्या भागाचं वर्णन वाचलं की पाटील म्हणत, "हे तं बूड झालं." तोंडाशी नळी किंचित आवळलेली असते तो भाग, "नळीचा गळा." एका पुस्तकात घोड्याच्या आतल्या कमानीबद्दल, म्हणजे स्प्रिंगबद्दल, तीन पानं होती. तीन रविवार आम्ही त्यावर घालवले, आणि शेवटी पाटलांच्या सालदारानं कमान बाहेर काढून समोर ठेवली तेव्हा दोघांना उलगडा झाला. हा सालदार, म्हणजे सालावर ठेवलेला गडी, अठरा वर्षं त्यांच्याकडे होता. शेतीचं काम करून तोच सगळ्या बंदुका पुसायचा, तेल लावायचा. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बंदुकीचा कोणताही भाग तो डोळे मिटून बसवू शके.

तीन वर्षांत सव्वीस पुस्तकं झाली. मी नागपूर, अकोला, जबलपूरपर्यंत पत्रं पाठवी. सुट्टीत एसटीनं जाऊन रद्दीची दुकानं धुंडाळी. पुस्तकाला पहिल्यांदा हात लावला की ते पुरं आहे की चित्रांची पानं फाडलेली आहेत, हे मला कडेला अंगठा फिरवून कळू लागलं. काहींच्या समासात कुणा गोऱ्या साहेबानं पेन्सिलनं टिपणं केलेली असत. ती वाचताना वाटे, हा माणूस कुठे बसून वाचत असेल, आता कुठे असेल. आणि परत येऊन पुस्तक पाटलांच्या कपाटात ठेवताना दर वेळी शेवटचं म्हणून ते पुन्हा एकदा चाळून घेई. गावात कुणी बैठकीत आलं की पाटील कपाटाकडे हात करून म्हणत, "पाहा, आपल्या जिल्ह्यात नसतीन इतके पुस्तकं बंदुकीचे." त्यात खोटं काही नव्हतं. पण 'मास्तरनं आणले' हे ते कधी म्हणत, कधी विसरत.

त्या वर्षी आषाढात खामगावला गेलो तेव्हा रद्दीवाल्यानं मला पाहताच गादीखाली हात घातला.

"मास्टरसाब, तुमारे मतलब का माल आया."

हिरव्या कापडी बांधणीचं जाडजूड पुस्तक. एक पानसुद्धा गळालेलं नाही. विलायतेत नि युरोपात नवी बंदूक विकण्याआधी सरकारी ठिकाणी जास्तीची दारू भरून तपासतात आणि तपासली म्हणून नळीवर खुणा ठोकतात. त्या सगळ्या खुणांचं ते पुस्तक होतं. मुकुट, अक्षरं, बाण, आकडे, देशोदेशींचे, ओळीनं छापलेले. पाटलांनी व्हरांड्यात जे विचारलं होतं त्याचं उत्तर.

परतताना बसमध्ये मी पुस्तक उघडून पहिल्या कोऱ्या पानावर माझं नाव लिहिलं, खाली तारीख टाकली. पैसे पाटलांकडून न घेता माझे घातले, असं हे पहिलंच पुस्तक. घरी आल्यावर ते फडक्यात गुंडाळून ट्रंकेत, बायकोच्या लग्नातल्या शालूखाली ठेवलं.

"पुस्तक आणलं तं लपवता काऊन?" तिनं विचारलं.

"लपवत नाही. वाचून झालं की देणार आहे."

"कोणाले लपवता पण? मले तं वाचता येत नाही."

मी ट्रंकेचं झाकण लावलं. मला एक तरी पुस्तक माझं हवं होतं. इतकंच नाही. आता मी त्यातून वाचून पाटलांना थोडं थोडं सांगू लागलो, आणि ते कुठून कळलं हे सांगत नव्हतो. एका रविवारी मी त्यांच्या एकनळीच्या खुणा पाहून ती बेल्जियमची आहे असं सांगितलं. दुसऱ्या रविवारी ठासणीच्या बंदुकीचं वय सांगितलं. पाटील चकित झाले. "मास्तर, तुम्ही तं बंदुकीचे वैद्य झाले! नाडी पाहून सांगता." सालदारसुद्धा हातातलं फडकं थांबवून माझ्याकडे पाहत राहिला. ते दिवस मला फार सुखाचे गेले.

प्रेसवाल्या इंजिनिअरच्या दुनळीची पाळी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. ती पाटलांची सगळ्यांत आवडती. तिच्या खुणा मी वहीत काढून आणल्या आणि श्रावणात एका दुपारी पुस्तकाशी ताडून पाहिल्या. खुणा जुन्या होत्या. लोखंडाच्या नि पोलादाच्या पट्ट्या पिळून, तापवून, गुंडाळून ती नळी केलेली होती, म्हणून तिच्यावर लाटा. आणि त्या पानाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की अशा नळ्या फक्त काळ्या दारूसाठी तपासलेल्या आहेत. नव्या, बिनधुराच्या दारूचा दाब त्यांना सोसत नाही. नव्या दारूसाठी तपासलेल्या नळीवर वेगळी खूण असते. ती नसेल तर नवं काडतूस त्यात कदापि घालू नये. नळी दिसायला कितीही निकोप असली तरी.

ती खूण पाटलांच्या दुनळीवर नव्हती.

मी ते वाचलं, दोनदा वाचलं. पाटील काळी दारू हातानं भरून काडतुसं करत, त्यामुळे भिण्याचं कारण नव्हतं, असं मी मनाला सांगितलं. आणि खरं कारणही सांगतो. दिवाळीत पाटलांकडे भाऊबंद, सोयरे जमत. बैठक भरलेली असे. त्या बैठकीत दुनळी हातात घेऊन ही सगळी हकिकत सांगायची, असं मी योजून ठेवलं होतं. काय वाक्यं बोलायची तीसुद्धा.

दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मी गेलो तर बैठकीतल्या लाकडी तक्त्यावर पुठ्ठ्याचा लाल डबा होता. कारखान्यातली तयार काडतुसं.

"नवीन घेतली?"

"हाव. काळी दारू आता भेटत नाही न. नवीन कायदा आला, दुकानदारानं हात वर केले. हे घ्या म्हणे, एकदम कडक माल हाये. हातानं भरायची कटकटच गेली."

मी डबा हातात घेतला. त्यावर इंग्रजीत लिहिलेलं वाचलं. बिनधुराचं होतं. पाटील समोर बसलेले, वहिनी शेंगांची परात घेऊन दारात. आत्ता सांगितलं तर ते विचारतील, कोणत्या पुस्तकात आहे, आणा बरं. मी म्हणालो, "चांगली दिसतात." मनात ठरवलं, दिवाळीला वीस-पंचवीस दिवस तर राहिले. तोवर कुठे लागते बंदूक.

दिवाळीत बायकोला ताप भरला. आम्ही वरवटला गेलो ते देवदिवाळीपर्यंत परतलोच नाही.

मार्गशीर्षाचे पहिले दिवस असतील. ज्वारी हुरड्यात आली होती. मी पहिल्या तासाला वर्गात होतो. खिडकीतून रस्त्यावर एक बैलगाडी धावत येताना दिसली, आणि गाडीवान म्हणून पाटलांचा सालदार. मी खडू टाकून बाहेर पळालो. गाडीत कडब्यावर पाटील आडवे होते. डावा हात धोतरात गुंडाळलेला, धोतर लालभडक. उजाडताना ज्वारीत डुकरं शिरली, पाटलांनी दुनळी उचलली, पहिलाच बार काढला आणि डावी नळी हाताखालीच फुटली.

कापसाचा ट्रक थांबवून आम्ही त्यांना वर घेतलं. मी बुलढाण्यापर्यंत त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. चिखलीच्या पुढे त्यांनी डोळे उघडले.

"मास्तर, बंदूक फुटली."

"बोलू नका तुम्ही."

"चांगली होती हो बंदूक."

तीन बोटं गेली. अंगठा नि करंगळी राहिली. डाव्या कानाचं ऐकूही कमी झालं. महिनाभर ते बुलढाण्याच्या दवाखान्यात होते. मी दर रविवारी जाई. नाताळच्या सुट्टीत रोज गेलो. सांगायचं असं ठरवूनच बसमध्ये बसे.

घरी आल्यावर पाटलांनी पहिलं काम सांगितलं ते हे. "मास्तर, आपल्या पुस्तकांत पाहा बरं. नळी कशानं फुटते ते कुठंतरी लिवलं असंल. मले समजलं पायजे."

मी कपाट उघडलं. त्यांच्या समोर तक्त्यावर बसलो आणि पहिल्या पुस्तकाचं पहिलं पान उलटलं.

तसा मी पौष नि माघ बसलो. शाळा सुटली की सायकल काढून जाई. सव्वीस पुस्तकं एकेक करून चाळत होतो. कधी एखादी ओळ वाचून अर्थ सांगे, पाटील मान हलवून ऐकत. उत्तर त्या सव्वीसांत नव्हतं हे मला ठाऊक होतं. ते माझ्या ट्रंकेत होतं. रोज वाटे, आज सांगू. पाटील बिछान्यावर बसलेले असत, फडक्यात बांधलेला हात छातीशी धरून, नजर माझ्या हातातल्या पानांवर. वहिनी चहा आणत. मी पिई.

एका पुस्तकात मला एवढं सापडलं की नळीत माती, चिंधी असं काही अडकलं तरी नळी फुटू शकते. मी ते वाचून दाखवलं. निदान काहीतरी दाखवावं म्हणून वाचलं. पाटील एकदम ताठ झाले.

"चिंधी?"

"चिंधी, चिखल, काहीही. तसंच झालं असेल असं नाही."

"नळी पुसते कोण?" ते म्हणाले. मग पुस्तक मिटायला सांगितलं.

आठ दिवसांनी दुपारच्या सुट्टीत सालदार माझ्या घरी आला. पायरीवर बसला, आत ये म्हटलं तरी आला नाही.

"मास्तर, पाटलाइनं मले काढलं. चिंधी नळीत राह्यली म्हणे माह्या हातून."

मी आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यापुढे ठेवला.

"अठरा वर्सं झाले. माह्या हातून चिंधी राहीन का? म्या त्या दिवशी सांजेले नळीतून उजेड पाह्यला होता. आरशासारखी होती." तो माझ्याकडे वळला. "पुस्तकात लिवलं हाये म्हणतेत. तुम्हीच वाचून दाखवलं. खरंच तसं लिवलं हाये का हो?"

"लिहिलं आहे. पण..."

"मंग असंल बाप्पा. पुस्तक खोटं कसं बोलीन." तो उठला, फेटा झटकला. "लेकरंबाळं घेऊन दुसरबीडकडं जाऊन राह्यलो. तिकडं मेहुणा हाये."

तो गेल्यावर बायको दारातून पुढे आली. तिनं सगळं ऐकलं होतं. ट्रंकेतलं पुस्तक काय आहे हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं, पण श्रावणापासून माझं काय चाललंय ते तिनं पाहिलं होतं. ट्रंक उघडून तिनं पुस्तक काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"जा आता."

मी गेलो. पाटील ओसरीवर उन्हात बसले होते. मी समोर बसलो, खूण घालून ठेवलेलं पान काढलं आणि वाचलं. आधी इंग्रजी, मग अर्थ. एकही शब्द गाळला नाही. बारीक अक्षरांतली ओळसुद्धा. आवाज माझा मलाच शाळेतल्यासारखा वाटत होता. वाचून झाल्यावर पाटलांनी डावा हात मांडीवर घेतला.

"म्हणजे चिंधी नव्हती."

"नव्हती."

"नवीन काडतुसानं फुटली."

"हो."

त्यांनी उजवा हात पुढे केला. मी पुस्तक दिलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण आकडे येत होते. खरेदीखतं, परवाने, सगळ्यांवरच्या इंग्रजी तारखा ते वाचत. त्यांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. माझं नाव, खाली तारीख. मी ते पान विसरलो नव्हतो. येताना सायकलवर वाटलं होतं की फाडावं. फाडलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

पाटलांनी त्या तारखेवर बोट ठेवलं. बोट महिन्यावरून फिरलं, वर्षावर आलं, परत महिन्यावर गेलं.

"हे तं आषाढातलं."

"हो."

"मंग तो लाल डबा आला तवा..."

"पुस्तक माझ्याकडे होतं. पान वाचलेलं होतं."

वहिनी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात चहाची कपबशी होती. त्यांनी ती तशीच आत नेली.

मी वाट पाहत होतो की ते ओरडतील. उठून मारतील असंही वाटलं, तसं झालं असतं तर बरं झालं असतं. पाटील म्हणाले, "काऊन पण, मास्तर?" राग नव्हता. नळीवरच्या खुणा पाहून विचारत तसं विचारलं त्यांनी, खरोखर जाणून घ्यायचं म्हणून.  एक पुस्तक माझं हवं होतं, हे त्या हाताकडे पाहत कसं सांगणार? मी म्हणालो, "सांगणारच होतो." त्यांनी मान हलवली, पुस्तक मिटून माझ्या गुडघ्याजवळ ठेवलं, आणि उठून आत गेले.

चार दिवसांनी एक बैलगाडी आमच्या घरासमोर थांबली. गाडीवान अनोळखी होता. गाडीत दोन पोती. सव्वीस पुस्तकं नि आमची मराठी नावांची वही. निरोप एवढाच होता, "मास्तरच्या कामाचे हायेत, ठेवून घ्या म्हणलं." मी पोती आत घेतली. दोन खोल्यांत ठेवायला जागा नव्हती. बायकोनं धान्याच्या कोठीशेजारी विटा मांडून त्यांवर पुस्तकं रचली. ज्या पुस्तकांसाठी जीव तुटत होता ती सगळी माझी झाली. त्यातलं एकही मी पुढं दहा वर्षं उघडलं नाही.

राहिलेल्या सहा बंदुका पाटलांनी चिखलीच्या ठाण्यात जमा केल्या, असं कानावर आलं. सालदाराला बोलवायला ते स्वतः दुसरबीडला गेले होते. त्यानं तिकडे दुसरीकडे साल धरलं होतं. तो पाटलांच्या पाया पडला, चहा पाजला, पण परत आला नाही. "चिंधी राह्यली नव्हती हे तुमाले समजलं, बस झालं," म्हणाला म्हणे.

पाटील नि मी त्यानंतर भेटत राहिलो, कारण अमडापूर एवढं मोठं नाही. बाजारात, बस थांब्यावर, कुणाच्या लग्नात. डावा हात ते उपरण्याखाली ठेवत. उजव्या हातानं नमस्कार करत. "काय मास्तर, बरे हाये ना?" मी म्हणे, बरा आहे. "घरी सारे बरे?" हो, बरे. मग ते पुढे जात. कुणाशीही बोलावं तसं ते माझ्याशी बोलत. गावात कुणाला त्यांनी काही सांगितलं नाही. पाटलांची बंदूक फुटली, नशीब, असंच सगळे म्हणत राहिले. मला मात्र वाटे, कुणीतरी एकदा तोंडावर बोलावं.

चार वर्षांनी माझी बदली झाली. मी निरोप घ्यायला त्यांच्या गावी गेलो नाही. जायला हवं होतं.

पाटील वारल्याचं पत्र मला वरवटच्या पत्त्यावर फिरत फिरत मिळालं, तोवर तेरावाही उलटून गेला होता. मी गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या. त्यांनी मला ओळखलं, बसायला सांगितलं. बैठकीतलं शिसवी कपाट तिथेच होतं. त्यात आता बियाण्याच्या पिशव्या होत्या.

बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. मग मी म्हणालो, "वहिनी, पाटलांनी मला कधी काही बोलून दाखवलं नाही. तुमच्यापाशी तरी बोलले असतील."

त्या अंगणाकडे वळून बोलल्या.

"बोटाचं त्याईले काही नव्हतं, मास्तर. पुस्तक लपवलं त्याचंबी नव्हतं. माणसाले हाव सुटते, म्हणे, मले नाही का बंदुकीची सुटली. पण एक गोष्ट त्याइनं कधी सोडली नाही. म्हणत, मी बिछान्यावर पडलो होतो अन् मास्तर रोज समोर बसून पानं उलटत होता. रोज. आणि मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो, की आता सापडंल."

  वहिनींनी सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला. चहा आला. त्या समोर बसल्या होत्या म्हणून घेतला. चिखलीच्या बसला अजून अवकाश होता, तरी मी उठलो. त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "उन्हात जाऊन राह्यले, डोक्याले काही बांधा." मी रुमाल बांधला आणि फाट्याकडे चालू लागलो.